पाण्यात असतानाच पाहायचं : प्रस्तावना

पेशीत आरएनएचा धागा एकटा हिंडत नाही. जनुकावरून त्याची नक्कल उतरत असतानाच त्याच्याभोवती प्रथिनं जमू लागतात. काही त्याची टोकं राखतात, काही मधला नको असलेला भाग कापून उरलेलं जोडायच्या तयारीला लागतात, काही त्याला केंद्रकाबाहेर नेतात आणि काही वेळ आली की त्याचे तुकडे करतात. प्रथिनं आणि आरएनए मिळून जे उभं राहतं त्याला संकुल म्हणतात. रायबोसोम हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. अशी संकुलं दिसतात कशी, हे आता बरंच ठाऊक झालं आहे. स्फटिक करून क्ष-किरणांनी किंवा झटक्यात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली त्यांची चित्रं पाठ्यपुस्तकांत रंगीत छापलेली असतात. ती जुळतात कशी, कोण आधी येतं, कोण आपला आकार बदलून घेतं, चुकीचा जोडीदार हाताशी आला तर त्याला सोडून कसं दिलं जातं, हे प्रश्न वेगळे. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे. त्यांची उत्तरं हवी असतील तर रेणू पाण्यात असताना, हलत असतानाच पाहावे लागतात. आज अणूअणूचा हिशेब ठेवून तसं पाहू देणारी मुख्य पद्धत म्हणजे चुंबकीय अनुनाद, प्रयोगशाळेतल्या बोलीत एनएमआर.

पुस्तक महाड-पोलादपूरकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे, म्हणून उदाहरणंही जमतील तेवढी इथलीच घेतली आहेत. आणि महाडच्या वाचकासाठी पाण्याबद्दल लिहायचं तर चवदार तळं टाळता येत नाही, टाळूही नये. मात्र तळ्याची उपमा करायची नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. तिथे जे घडलं त्याला स्वतःचा अर्थ आहे. त्याला रेणूंच्या गोष्टीची सजावट करणं बरं नव्हे. घडलं ते असं. सार्वजनिक खर्चाने बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. तळ्यावरच्या हक्काचा खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

त्या घागरींविषयी रसायनशास्त्राला एक गोष्ट सांगता येते, आणि ती उपमा नाही. साध्या, उदासीन पाण्यात एका रेणूवरचा हायड्रोजन साधारण एक मिलिसेकंदात दुसऱ्या रेणूवर गेलेला असतो. म्हणजे पाण्याचा एखादा रेणू घोटभर पिऊन होईपर्यंतसुद्धा ‘तोच’ राहत नाही. कोणाचा हात लागला याची नोंद ठेवायला पाण्याकडे जागाच नाही. ही अदलाबदल मोजली ती चुंबकीय अनुनादानेच, १९६१ मध्ये, सॉल मायबूम या इस्रायली शास्त्रज्ञाने. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता महाडच्या दुसऱ्या ओळखीकडे येतो. तिच्यापासून सुरुवात केली की पुस्तकाचा विषय चटकन कळतो. ती ओळख म्हणजे लाल विंचू. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात विंचूदंशाचे गंभीर रुग्ण हृदय थकून, फुप्फुसात पाणी भरून जात होते. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम लिहून काढला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून पाहिलं. १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं लेखन आलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून एखाद-दोन टक्क्यांवर उतरलं. हा इतिहास महाडमध्ये कोणाला सांगावा लागत नाही. याच विंचवाच्या विषातला एक रेणू जगभरच्या मज्जाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत बाटलीतून विकत मिळतो, हे मात्र इथल्या फारच थोड्यांना माहीत असतं. त्याचं नाव आयबेरियोटॉक्सिन. हे फक्त ३७ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन आहे. पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची एक विशिष्ट वाहिनी ते बुचासारखं बंद करतं, इतर वाहिन्यांना जवळजवळ हात लावत नाही, म्हणून संशोधकांना ते हवं असतं. त्याचा त्रिमितीय आकार १९९२ मध्ये ब्रूस जॉन्सन आणि एलिझाबेथ सग यांनी एनएमआरनेच काढला. त्याच विंचवाच्या बीटीके-२ या आणखी एका विषप्रथिनाची रचना २०११ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली, तीही एनएमआरने.

या विषप्रथिनांचं वैशिष्ट्य म्हणजे ती ताठ असतात. गंधकाच्या तीन पुलांनी साखळी आतून आवळून बांधलेली असते, त्यामुळे आयबेरियोटॉक्सिनचं एक चित्र काढलं की त्याच्याबद्दलचं बहुतेक कळून जातं. विषाला ते सोयीचंही आहे. परक्या शरीरात, परक्या रसायनांत, आकार न बिघडता जाऊन एकच काम करायचं असतं. आरएनएशी व्यवहार करणाऱ्या प्रथिनांना असं ताठ राहून चालत नाही. एकाच प्रथिनाला वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या वळणांचे आरएनए ओळखावे लागतात, काम झालं की सोडावे लागतात. आणि समोरचा आरएनए तर त्याहून लवचिक. चारच अक्षरांचा हा धागा स्वतःवरच दुमडतो, जोड्या लावतो, मध्येच एखादं अक्षर बाहेर लटकत ठेवतो आणि थोड्या वेळाने दुसरीच जोडी लावतो. दोघंही हलणारे असतील तर त्यांच्या भेटीचं एक चित्र पुरेल कसं? या विषयात अनेक वर्षं घातलेले लोकही स्थिर चित्राच्या मोहात पडतात. चित्र सुंदर असतं, मुखपृष्ठावर शोभतं, आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात झालेली खरी प्रगती हा मोह सोडण्यात आहे.

एनएमआर चालतं कसं ते पहिल्या चार प्रकरणांत सविस्तर आहे. इथे नुसती कल्पना देतो. हायड्रोजनचं अणुकेंद्रक एका छोट्या चुंबकासारखं वागतं. बाहेरून बलवान चुंबकीय क्षेत्र लावलं की अशी केंद्रकं त्या क्षेत्राच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने उभी राहतात आणि ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. १४.१ टेस्लाच्या क्षेत्रात ही कंप्रता ६०० मेगाहर्ट्झ असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते तीन लाख पटींहून जास्त आहे. एवढं क्षेत्र टिकवायला अतिवाहक तारेचं वेटोळं उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं, आणि हेलियम आपल्याला बाहेरून आणावा लागतो. इतकं करून पदरात काय पडतं? खोलीच्या तापमानाला दर एक लाख केंद्रकांत क्षेत्राच्या दिशेने उभी असलेली केंद्रकं विरुद्ध उभ्या असलेल्यांपेक्षा फक्त पाचेक जास्त असतात. लाखभर मतदारांच्या मतदारसंघात पाच मतांनी निवडून आलेल्या उमेदवारासारखी ही आघाडी, आणि सगळा सिग्नल याच आघाडीवर उभा. म्हणून एनएमआरला सॅम्पल जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. एकेक प्रयोग दिवसच्या दिवस चालतो.

त्यातच पाणी. प्रथिनाचं द्रावण प्रति लिटर एखाद्या मिलिमोलचं असतं, तर त्याच द्रावणात पाण्याचे हायड्रोजन प्रति लिटर ११० मोल असतात. म्हणजे ज्याला ऐकायचं त्याच्यापेक्षा भोवतालचा गलबला लाख पट मोठा. पाण्याचा सिग्नल दाबण्याच्या युक्त्या शोधण्यात एका पिढीची हयात गेली. पाणी काढून मात्र टाकता येत नाही. ते काढलं तर प्रथिनं प्रथिनांसारखी वागत नाहीत. सॅम्पलमध्ये दहाएक टक्के जड पाणी मिसळतात, कारण त्यातल्या ड्यूटेरियमच्या सिग्नलला धरून यंत्र आपलं क्षेत्र स्थिर ठेवतं. जड पाणी म्हटलं की लोकांना अणुभट्टीच आठवते. पण आपल्या रायगड जिल्ह्यातच, अलिबागजवळ थळला, खतकारखान्याच्या शेजारी १९८७ पासून जड पाण्याचा प्रकल्प चालू आहे, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

हायड्रोजन सगळीकडेच असतात, तेव्हा कोणता सिग्नल कोणाचा हे कळावं कसं? त्यासाठी प्रथिन बनवणाऱ्या जिवाणूंना साध्या नायट्रोजनऐवजी नायट्रोजन-१५ असलेलं अमोनियम क्लोराइड खायला घालतात. निसर्गात हा समस्थानिक अर्धा टक्कासुद्धा नसतो. असं खाऊन वाढलेल्या जिवाणूंनी बनवलेल्या प्रथिनात प्रत्येक अमिनो आम्लाचा नायट्रोजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन मिळून नकाशावर एक ठिपका उमटवतात. प्रोलीन तेवढं अपवाद. शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे सुमारे शंभर ठिपके. मग त्यात थोडाथोडा आरएनए घालत जायचं आणि ठिपक्यांकडे पाहत बसायचं. प्रथिन आरएनएला झटपट धरत-सोडत असेल तर ठिपके हळूहळू सरकतात. पकड घट्ट असेल तर जुना ठिपका मावळतो आणि दुसरीकडे नवा उगवतो. आणि वेग दोन्हींच्या मधला असेल तर ठिपका पसरट होऊन चक्क नाहीसा होतो. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, सॅम्पल बिघडलं. जाणत्याच्या दृष्टीने तिथेच काहीतरी घडत असतं.

या नाहीशा होण्यामागे लपलेल्या हालचाली मोजायला स्पंदांची एक मालिका वापरतात. तिला कार, पर्सेल, मायबूम आणि गिल यांची नावं आहेत. पाण्यातली हायड्रोजनची अदलाबदल मोजणारे तेच हे मायबूम. तेव्हा प्रश्न पाण्याच्या रेणूंचा होता, आज तीच युक्ती प्रथिन आणि आरएनए यांच्या अदृश्य रूपांसाठी चालते. हजारात दहा-वीसच रेणू क्षणभर वेगळ्या आकारात जाऊन परत येत असतील, तर त्यांचा वेगळा ठिपका कधीच दिसत नाही; पण दिसणाऱ्या ठिपक्यांवर त्यांचा परिणाम उरतो, आणि त्यावरून त्या दुर्मीळ आकाराची टक्केवारी, आयुष्य, पुष्कळदा रचनासुद्धा काढता येते. अमेरिकेत हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की आरएनएतही अशी अल्पकाळ टिकणारी रूपं असतात आणि त्यांत जोड्यांची मांडणीच बदललेली असते. त्या लेखाच्या लेखकांत जितेंद्र चुघ होते. पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये आले, आणि आपल्या विषयाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात जवळचं काम त्यांच्याच प्रयोगशाळेत झालं.

तिथे अभ्यासलं गेलेलं प्रथिन टीआरबीपी. त्याचा शोध १९९१ मध्ये एचआयव्हीच्या आरएनएला चिकटणारं मानवी प्रथिन म्हणून लागला. नंतर कळलं की त्याचं घरचं काम वेगळंच आहे. पेशीत डायसर नावाचं विकर दुपेडी आरएनएचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि ते तुकडे पुढे जनुकांचा आवाज कमी-जास्त करतात. या यंत्रणेच्या एका भागासाठी २००६ चं आणि दुसऱ्यासाठी २०२४ चं नोबेल दिलं गेलं. टीआरबीपी डायसरचा मदतनीस. त्याचे तीन भाग दुपेडी आरएनए ओळखणाऱ्या घडणीचे. त्यातले पहिले दोन खरोखरच आरएनए धरतात, तिसरा डायसरला धरून राहतो. अशी घडण अक्षरं वाचत नाही, दुपेडी पिळाचा आकार पाहते. अडचण इथेच येते. डायसरकडे येणारे आरएनए सरळ पिळाचे नसतात. कुठे जोडी जुळलेली नसते, कुठे फुगवटा असतो, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नसतो. मग एकच प्रथिन या सगळ्यांना ओळखतं कसं? पुण्याच्या गटाने या भागांची हालचाल मोजली आणि २०२२ मध्ये मांडलं की प्रथिन मुळातच मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदाच्या वेगाने आकार बदलत असतं, आणि ही लवचिकताच त्याला वेगवेगळ्या घडणीच्या आरएनएंशी जुळवून घेऊ देते. म्हणजे आरएनए भेटल्यावर प्रथिन वाकतं असं नाही. भेटीआधीच त्याचं वाकणं-सरळ होणं चालू असतं, आणि समोर येणारा आरएनए त्यातल्या जुळणाऱ्या रूपाला धरून ठेवतो. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने २०१३ मध्ये चमकणाऱ्या रंगांनी एकेक रेणू पाहून दाखवलं होतं की टीआरबीपी दुपेडी आरएनएवरून कसलीही ऊर्जा न खर्चता पुढे-मागे घसरत राहतं. दोन्ही निरीक्षणं शेजारी ठेवली की संकुल जुळण्याची गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा फार वेगळी दिसते. सातव्या प्रकरणात ती सावकाश सांगितली आहे. घाई असणाऱ्याने निदान तेवढं वाचावं.

महाराष्ट्रात हे काम अचानक उगवलं नाही. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथेनॉलचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. एकाच रेणूतले हायड्रोजन आपापल्या शेजारानुसार वेगळे बोलतात, हे त्या कामातून लख्ख झालं. आजचं सगळं रासायनिक एनएमआर त्या तीन शिखरांपासून सुरू होतं. यातल्या एस. एस. धर्मट्टींना होमी भाभांनी मुंबईत बोलावून घेतलं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर रुजलं. पुढे गिरजेश गोविल आणि रामकृष्ण होसूर यांनी ते जीवरेणूंकडे वळवलं. होसूर यांच्या गटाने २००१ मध्ये एचएनएन नावाचा प्रयोग दिला. त्यात प्रथिनाच्या कण्यावरून एका नायट्रोजनवरून शेजारच्या नायट्रोजनवर पाऊल टाकत जाता येतं. घडी न घातलेल्या, सैल प्रथिनांना त्याचा विशेष उपयोग झाला. चुघही त्याच परंपरेत तयार झाले. कुलाब्याच्या या संस्थेत ऐंशीच्या दशकात ५०० मेगाहर्ट्झचं यंत्र आलं तेव्हाच ते राष्ट्रीय सुविधा म्हणून आलं, म्हणजे देशातल्या कुठल्याही संस्थेतल्या संशोधकाने सॅम्पल घेऊन यावं, या हिशेबाने. सार्वजनिक पैशातून उभं राहिलं ते सगळ्यांना खुलं, हेच तत्त्व बोले यांच्या ठरावात होतं. तत्त्व मान्य होणं आणि कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयातून खरोखर सॅम्पल तिथे पोचणं यात अंतर आहे. महाडच्या वाचकाला ठराव आणि अंमल यांतलं अंतर मी काय समजावणार?

पुस्तकाच्या उत्तरार्धात या पद्धतीच्या मर्यादा आहेत, आणि त्या मुद्दाम मोठ्या केल्या आहेत. रेणू जितका मोठा तितका तो पाण्यात मंद फिरतो आणि ठिपके तितके पसरतात. १९९७ मध्ये झुरिकला व्युत्रिख आणि पेर्वूशिन यांनी काढलेल्या युक्तीने ही हद्द बरीच पुढे सरकली, तरी नुसतं एनएमआर सगळीकडे पुरत नाही. २०१३ मध्ये तेरेसा कार्लोमान्यो यांच्या गटाने आरएनएवर मिथाइल गट बसवणाऱ्या एका ३९० किलोडाल्टनच्या संकुलाची रचना काढली तेव्हा एनएमआरला न्यूट्रॉन विकिरणाची जोड द्यावी लागली. त्यातून दिसलं की काम करायचा आरएनए आत येताच संकुलाची मांडणीच बदलते. आणि हे सगळं काचेच्या नळीत. जिवंत पेशीत प्रथिनांची इतकी दाटी असते की रेणू मोकळे फिरत नाहीत, जाता-येता कशालाही चिकटतात, आणि ठिपके धुरकट होतात. पेशीच्या आतून सिग्नल घेण्याचे प्रयोग गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहेत; सोप्या प्रथिनांसाठी ते जमतात, मोठ्या आरएनए संकुलांसाठी क्वचित. म्हणून ‘पेशीत असं घडतं’ असं वाक्य जिथे जिथे दिसेल तिथे ‘नळीत असं घडतं, पेशीतही घडत असावं’ असं मनात वाचावं. लिहिताना ही काळजी मी घेतली आहे, पण विज्ञानाच्या बातम्यांत ती फारशी कोणी घेत नाही.

याचा उपयोग काय, हा प्रश्न येणारच, आणि मला तो गैर वाटत नाही. बाळांच्या स्नायूंची ताकद हळूहळू काढून घेणाऱ्या एसएमए या आजाराच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत येतात त्या बहुतेक सोळा कोटींच्या इंजेक्शनाच्या. त्याच आजारावर रिसडिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते जनुकाला हात लावत नाही. एसएमएन-२ नावाच्या राखीव जनुकाचा आरएनए जोडताना सातवा तुकडा गळून पडतो, म्हणून प्रथिन अपुरं बनतं. गळून पडण्याचं एक कारण असं की त्या तुकड्याच्या टोकाशी आरएनए-आरएनएची जी आखूड जोडी लागायची, तिच्यात एक अ‍ॅडेनाइन जुळत नाही आणि फुगवट्यासारखं बाहेर राहतं. जोडणी करणाऱ्या संकुलाला ती जागा कच्ची वाटते. या औषधाच्या जातीचा एक रेणू तिथे जाऊन नेमकं काय करतो, हे झुरिकच्या फ्रेडरिक आलँ यांच्या गटाने २०१९ मध्ये एनएमआरने दाखवलं. तो रेणू त्या लटकत्या अ‍ॅडेनाइनला आत ओढून स्थिर करतो आणि कच्ची जागा पक्की होते. आलँ यांनीच १९९६ मध्ये केंब्रिजला असताना यू-१-ए या प्रथिनाची आरएनएबरोबरची रचना एनएमआरने काढली होती, तेव्हा त्यातून औषध निघेल असं कोणी म्हटलं नव्हतं.

वाचकाकडून बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र आणि थोडी चिकाटी एवढीच अपेक्षा आहे. तिसऱ्या प्रकरणातलं गणित पहिल्या वाचनात सोडलं तरी पुढचं अडत नाही. पाचव्या प्रकरणातल्या ठिपक्यांच्या आकृत्या मात्र सोडू नयेत. त्या पेन्सिलने स्वतः काढून पाहाव्यात, आरएनए घालण्याआधीच्या आणि नंतरच्या, आणि कुठला ठिपका सरकला, कुठला गेला, हे शेजारी लिहावं.